शंभराच्या पुढे

बसा. तो रिमोट मात्र हातात घेऊ नका, आधी त्या फडक्याने पुसा. या खोलीत सत्तावन्न यंत्रं आहेत आणि प्रत्येकाला दिवसभरात दहा जणांचे हात लागतात. कोणी बिस्किटं खाऊन येतो, कोणी नाक शिंकरून. मला चिकट वस्तूंची भयंकर किळस आहे, अगदी लहानपणापासून. आई चिडवायची, "हे मागच्या जन्मी मांजर असणार, सारखं पंजे पुसत असतं."

तुमचा प्रश्न तसा साधा आहे. ओठ आणि आवाज जुळतात का, हे बघायच्या चाचणीत माणसाचा चेहरा का नाही? दोन लाकडी ठोकळे एकमेकांवर का आपटतात? उद्यापासून ही खोली तुमच्या ताब्यात येणार, तेव्हा सांगून टाकतो. हसायचं असेल तर नंतर हसा.

पूर्वी इथे काय बाजार होता, ते तुम्ही पाहिलेलं नाही. आपलं सिनेमे-मालिकांचं ॲप फोनसाठी एक टोळी लिहायची, टीव्हीसाठी दुसरी, गाडीतल्या पडद्यासाठी तिसरी. प्रत्येकीची प्रोग्रॅमिंगची भाषा वेगळी आणि एकीचं दुसरीला ओ का ठो कळायचं नाही. दोन वर्षं भांडभांड भांडून मी ते मोडून काढलं. एक भाषा आणि एक कोड. तोच फोनवर, तोच टॅबलेटवर, तोच टीव्हीवर. चूक एकदा दुरुस्त केली की सगळीकडे दुरुस्त. एकदा घाण केली की सगळीकडे घाण, हेही त्यातच आलं, पण तेव्हा मी कोणाचं ऐकायच्या मनःस्थितीत नव्हतो.

एक गोष्ट मात्र एका भाषेने सुटत नाही. प्रत्येक यंत्र आवाजाला आपापला उशीर लावतं. फोन थोडा, टीव्ही जास्त, जुना टीव्ही तर विचारूच नका. म्हणून चाचणीला बोलणारा चेहरा लागतो. आकडे मोजणारा असला तर फारच बरं, कारण सतराला ओठ एकीकडे आणि आवाज दुसरीकडे गेला की लगेच दिसतं. तयार चेहरे विकत मिळतात, पण वरून मंजुरी यायला तीन आठवडे लागणार होते. मला थांबायचं नव्हतं. आणि माझ्या घरात एक चेहरा नुसताच पडून होता.

माझी आत्या. वडिलांची मोठी बहीण. अर्ध्या अंगावरून वारं गेलेलं, नऊ वर्षं मागच्या खोलीत अंथरुणाला खिळलेली. वडील गेले, त्यांच्यामागे तिचं सगळं आईवर आलं. भरवणं, पुसणं, कूस बदलणं, चादरी धुणं. मी? मी औषधं आणून दाराच्या आतल्या स्टुलावर ठेवायचो, श्वास धरून. त्या खोलीत मुताचा, पावडरचा आणि नासलेल्या दुधाचा असा एक मिळून वास होता, की नुसता आठवला तरी आत्ताही मी खिशातला रुमाल शोधतो. नऊ वर्षांत मी एकदाही तिची चादर बदलली नाही. आईने एकदाही सांगितलं नाही, आणि ती सांगत नाही याचं मला बरंच वाटायचं. सांगतानाही शरम वाटते, पण खरं आहे.

तर त्या दिवशी सकाळी मी कॅमेरा घेऊन आत गेलो. आत्याला केवढा आनंद! तोंड एका बाजूला वाकडं झालेलं, तरी हसली. म्हणाली, "बाळ्या, आज वाट चुकलास?"

"तुला टीव्हीवर आणतो," मी म्हटलं. "आकडे मोजायचे. एकापासून."

"कुठपर्यंत रे?"

कॅमेरा तिच्या तोंडासमोर लावला तेव्हा मला तिचे ओठ जवळून दिसले. कोपऱ्यांत पांढरं साचलेलं, जीभ भेगाळलेली, आणि बोलताना दोन ओठांच्या मध्ये लाळेची तार ताणली जायची. मला उमासा आला. मी म्हटलं, "मी येईपर्यंत मोजत राहा," आणि बाहेर सटकलो.

बाहेर आलो तेवढ्यात ऑफिसचा फोन. कुठल्याशा टीव्हीवर ॲप बंद पडत होतं. बोलता बोलता मी गच्चीत गेलो आणि आत्याला साफ विसरलो. पाऊण तासाने आई बाजारातून आली आणि तिने मला हाक मारली. आत्या मोजतच होती. घसा बसलेला, नुसती हवा निघत होती. आईने तिच्या तोंडाला पाणी लावलं आणि म्हणाली, "पुरे वन्सं, पुरे आता." आत्या सातशे एकोणचाळीसवर थांबली. आई माझ्याकडे एकदा बघून तिची उशी सारखी करायला लागली. मला ओरडली असती तर बरं झालं असतं.

मी शंभरापर्यंतचा तुकडा कापून घेतला, बाकीचा पुसून टाकला. नेट नसतानाही चाचणी चालावी म्हणून तो तुकडा मी सरळ ॲपच्या पोटात घातला, त्या सामाईक कोडमध्ये. म्हणजे आमच्या चाचणीचं ॲप जिथे जिथे जाईल तिथे तिथे आत्या गेली. आमच्या घरच्या टीव्हीवरही ते होतंच. तिला तिचं चित्र दाखवायचं मात्र राहून गेलं. चार महिन्यांनी ती गेली. तेव्हाही मी उंबऱ्यातच उभा होतो.

पुढे दोन महिन्यांनी ॲप लोकांच्या हाती द्यायचा दिवस ठरला. त्याच्या आदल्या दिवशी, सकाळचे अकरा वाजले असतील, मी इथे जुने तुकडे काढून टाकायला आलो. साधं झाडलोटीचं काम. इथे आपली तपासनीस बाई होती. तिचे कान इतके तिखट, की आम्ही तिला कानसेन म्हणायचो. ती दोन्ही खिडक्या उघडून, नाकाला रुमाल लावून बसली होती.

"उंदीर मेलाय का कुठे?" मी विचारलं.

"उंदीर नाही," ती म्हणाली. "तुम्ही माझी नोंद वाचलीत का? आठ दिवसांपूर्वीची?"

वाचली होती. 'तुकडा संपला तरी आवाज चालू राहतो.' मी त्यावर 'नंतर बघू' असं लिहून हात झटकले होते.

"मग आता ऐका," ती म्हणाली.

सत्तावन्नही पडदे चालू होते. सगळ्यांवर आत्याचं तोंड. समोरच्या मोठ्या टीव्हीवर तर एकेक ओठ माझ्या हाताएवढा. आणि त्या घसा बसलेल्या आवाजात...

"एक्केचाळीस हजार दोनशे सहा... एक्केचाळीस हजार दोनशे सात..."

"पुन्हा पुन्हा तोच तुकडा लागत असेल," मी म्हटलं. माझंच मला पटलं नाही. त्या तुकड्यात शंभरापर्यंतचेच आकडे होते.

"आणखी एक," कानसेन हळूच म्हणाली. "उशीर नाहीये... एकाही यंत्राला. सहा वर्षं मी हे काम करते, असं कधी झालेलं नाही. फोन, टीव्ही, ती अडगळीतली जुनी टीव्हीची पेटीसुद्धा. सगळ्यांचे ओठ बरोबर जुळतात."

तिने तिची वही माझ्यापुढे सरकवली. पहिल्या दिवशी शंभरानंतर आलेला पहिला आकडा तिने लिहून ठेवला होता. सातशे चाळीस.

मी वही मिटली. आत्या सातशे एकोणचाळीसवर थांबली होती, हे जगात तीन माणसांना ठाऊक होतं. त्यातली एक गेलेली.

मी मोठ्या टीव्हीजवळ गेलो. काच ओली दिसत होती. मूर्खासारखा मी फडक्याने ती पुसली, तर फडकं ओढताना मागे तार ताणली गेली. लाळ. आंबूस वासाची, कोमट लाळ. ओठांच्या कोपऱ्यातलं ते पांढरं फडक्याला लागून आलं. मी धावत जाऊन कचऱ्याच्या डब्यात ओकलो. कानसेन बिचारी पाण्याचा पेला घेऊन मागे उभी होती.

पुढच्या तासाभरात मी तो तुकडा ॲपमधून उपटून काढला. एका जागेवरून काढायचा होता, एका भाषेचा तेवढा फायदा. नवं ॲप तयार झालं आणि यंत्रांवर जाऊ लागलं. एकेक पडदा काळा पडत गेला. शेवटी ती जुनी पेटी उरली. तिच्यावरचे ओठ काही न मोजता नुसते हलले, आणि तीही काळी झाली. वाससुद्धा गेला. कानसेनने खुर्चीत अंग टाकलं.

"होत्या कोण त्या?" तिने विचारलं.

"आमच्याकडच्या," मी म्हटलं. एवढंच.

दुपारी मी लवकर घरी गेलो. न्हाणीघरात आई पिढ्यावर बसून चादर चोळत होती. दम लागलेला, ओठ निळसर, मनगटं सुजून टम्म. आत्या गेल्यावर डॉक्टरने तिला तपासून बजावलं होतं, तुमचं हृदय थकलंय, आता बादली उचलायची नाही, वाकायचं नाही. दोन महिन्यांत जरा कुठे तिच्या तोंडावर रंग आला होता.

"कोणाच्या चादरी धुतेस?" मी ओरडलोच.

"वन्संच्या," ती म्हणाली. कोणी रोजचं काम सांगावं तशी.

मला वाटलं, हिचं डोकं फिरलं. तेवढ्यात बादलीतली चादर दिसली. आणि वास आला. तो ओळखायला मला कोणाला विचारावं लागलं नाही.

"आठ दिवस झाले," आई म्हणाली. "टीव्ही लावला की वन्सं मोजायला लागतात. म्हटलं, काय हवंय बघू, म्हणून मागच्या खोलीत गेले... तर चादर ओली. बदलली. दुसऱ्या दिवशी पुन्हा. आता दिवसातून तीनदा."

"मला सांगितलं का नाहीस?"

"तुला सांगून काय होणार होतं, बाळा?"

कानाखाली बसली असती तरी एवढं लागलं नसतं. मी म्हटलं, "आता नाही होणार. मी तिला काढलंय. सगळ्या पडद्यांवरून काढलंय." आणि हॉलमधला टीव्ही लावून दाखवला. नवं ॲप आलेलं होतं. कुठेही चेहरा नाही, आवाज नाही.

आईने पिढ्यावरूनच मान वाकडी करून कान दिला. मग मलाही ऐकू आलं. मागच्या खोलीतून. तिथे ना टीव्ही, ना फोन, नुसती लोखंडी खाट.

"...एक्केचाळीस हजार नऊशे नव्वद... एक्केचाळीस हजार नऊशे एक्क्याण्णव..."

पडद्यांवरून मी तिला हाकललं होतं. मग ती आणखी जाणार कुठे?

आई भिंतीचा आधार घेत उठायला लागली. गुडघे टेकले, पुन्हा बसली, छातीवर हात. आणखी पंधरा दिवस हे चाललं असतं तर आत्यापाठोपाठ आई गेली असती, हे मला तिथे उभ्या उभ्या स्पष्ट कळलं. मी तिला खांद्याला धरून खाली बसवलं.

"चादर कुठे आहे कोरडी?" मी विचारलं.

मागच्या खोलीचं दार उघडं होतं. भर दुपारचं ऊन खाटेवर पडलं होतं. खाटेवर कोणीही नव्हतं. फक्त गादीत माणसाएवढा खोलगट भाग, उशीवर डोक्याचा खळगा, आणि मधोमध पिवळा ओला डाग, कडेने वाढत चाललेला. आवाज उशीवरून येत होता. मी उंबऱ्यात नऊ वर्षं उभा राहिलो होतो, तसाच उभा राहिलो. नाक दाबलं. पळून जावंसं वाटलं, खोटं कशाला बोलू?

"...बेचाळीस हजार... बेचाळीस हजार एक..."

"आत्या," मी म्हटलं. "आलो मी... बस कर आता."

आवाज थांबला. एकदम नाही. पुढचा आकडा अर्धा आला आणि मग नुसता श्वास ऐकू येत राहिला.

मी चादर ओढायला गेलो. निघेना. चादरीवर वजन होतं.

"तशी नाही निघायची," मागून आई म्हणाली. ती सरपटत दारापर्यंत आली होती. "आधी कुशीवर घे. खांदा आणि कंबर धरायची, आपल्याकडे वळवायचं. ओली चादर पाठीशी गुंडाळायची, कोरडी तिच्या मागे लावायची. मग दुसरी कूस..."

"आई, इथे कोणी नाहीये..."

"धर तर खरा."

मी हवेत हात घातले. हाताला खांदा लागला. हाडकुळा, गार, आणि त्यावरची कातडी सैल, घामाने बुळबुळीत. माझ्या तोंडात आंबट पाणी आलं. मी डोळे मिटले, कंबर धरली आणि ते वजन माझ्याकडे वळवलं. कण्हल्याचा आवाज माझ्या गळ्याशी आला, आणि तो श्वास, देवा रे, तो नासक्या दुधाचा श्वास माझ्या थेट तोंडावर. पाठीला हात लागला तिथे ओलं आणि मऊ होतं, बोट आत जाईल असं. आई दारातून सांगत होती आणि मी करत होतो. पुसलं. पावडर लावली. दुसऱ्या कुशीवर घेतलं. कोरडी चादर ताणली. सगळं झाल्यावर न्हाणीघरात जाऊन मी कोपरापर्यंत साबण लावला, एकदा नाही, सात वेळा, आणि रडलो. दुःखाने नाही, किळसेने. तिची किळस आणि माझी स्वतःची, कोणती किती ते मला सांगता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी आपलं ॲप लोकांना दिलं. लाखो पडद्यांवर गेलं, आणि कुठूनही तक्रार आली नाही. चाचणीत मी लाकडी ठोकळे घातले. कानसेनने महिन्याभरात दुसरीकडे नोकरी धरली. जाताना म्हणाली, मला आता आकड्यांचा आवाज नको, कुठलाही.

मी रोज सकाळी ऑफिसला निघायच्या आधी मागच्या खोलीत जातो. संध्याकाळी आलो की पुन्हा. वर्ष होत आलं. लोक म्हणतात, सवय होते. काडीची होत नाही. आजही खांद्याला हात लागला की शिसारी येते, आजही मी दात आवळून करतो. पण मोजणं पुन्हा ऐकू आलं नाही. आणि आई सावरली. मनगटं उतरली, दम लागेनासा झाला. दुपारी सोफ्यावर पाय वर घेऊन आपल्या ॲपवर एकामागून एक मालिका बघते आणि त्यातल्या सासवांना शिव्या घालते. तिला तसं बघितलं की वाटतं, चला, एवढं तरी माझ्या हातून झालं.

ही खोली मी तुमच्याकडे का सोपवतोय, तेही सांगतो. आजारी नाही मी. मला आता दिवसभर घरी राहायचंय.

काल सकाळी चादर बदलायला गेलो. नेहमीसारखा मधला डाग होता. आणि पलीकडे, भिंतीच्या बाजूला, दुसरा. लहान, ताजा, हात लावला तर अजून कोमट. तिथेही गादी दबलेली होती. उशीच्या त्या टोकाला दुसरा खळगा, आधीच्यापेक्षा उथळ. भिंतीकडची जागा आमच्या घरात एकाच माणसाची. लग्न होऊन आल्यापासून आई भिंतीकडेच झोपते.

मी चादर हातात घेऊन हॉलमध्ये आलो. आई टीव्ही बघत होती. धडधाकट, नुकता चहा घेतलेला. नुसती चादर पुढे धरली. दोन्ही डाग दिसतील अशी.

तिने बघितलं. चेहऱ्यावर किळस नाही, भीती नाही. हात पुढे करून तिने त्या लहान डागाची कड चाचपली. किती ओलं आहे ते बघत असावी.

"एवढ्यात?..." ती म्हणाली. "मला वाटलं होतं, अजून वेळ आहे."